बेचाळिशीतला राजीनामा

गेले दोन महिने आमच्या नात्यात एकच विषय चालू आहे. माझी भाची शाळेतली चित्रकला शिक्षिकेची कायम नोकरी सोडायची म्हणते. वय बेचाळीस. तिची आई (म्हणजे माझी धाकटी बहीण) रडून मोकळी झाली, तिच्या सासूबाई बोलेनाशा झाल्या, आणि मला सगळीकडून फोन, "ताई, तू जन्मभर शाळेत काढलीस, तूच तिला दोन शब्द सांग." प्रत्येकाशी वेगळं बोलण्यापेक्षा इथेच लिहिते. सगळ्यांनी एकदम वाचा, आणि रागवायचं असेल तर एकदमच रागवा. भाचीला विचारूनच लिहिते आहे. नाव, गाव आणि शाळा लिहायची नाही एवढी तिची अट.

तिला करायचं काय आहे? तिच्या शब्दांत 'स्वतंत्र कलाकार' व्हायचं आहे. म्हणजे चित्रं काढायची, कापडी बाहुल्या करायच्या, त्यांचे खेळ गावोगाव करायचे, मुलांसाठी गोष्टी लिहायच्या आणि त्यांची चित्रंही आपणच काढायची. हे ऐकून आमचे मेहुणे म्हणाले, "म्हणजे धड एक काहीच नाही."

या 'धड एक काहीच नाही'वरून मला फेथ रिंगगोल्ड आठवली. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी भाचीनेच मुलांचं एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं, 'टार बीच' नावाचं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली आठ वर्षांची मुलगी, १९३९ सालचा उन्हाळा, आणि घराची गच्ची. आपण उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं टाकायचो ना, अगदी तस्सं. डांबराची ती गच्ची हाच त्यांचा समुद्रकिनारा! मोठी माणसं गप्पा मारत बसलेली, आणि ही मुलगी आडवी पडल्या पडल्या शहरावरून उडायला लागते, जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून. पुस्तक १९९१चं. पण त्याआधी, १९८८ साली, बाईंनी हीच गोष्ट एका गोधडीवर केली होती. मध्ये चित्र, भोवती कापडाचे तुकडे, आणि कडेच्या पट्ट्यांवर हाताने लिहिलेली गोष्ट. ती गोधडी आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. गोधडीचं पुस्तक झालं हे कळल्यावर मला ह्या बाईंबद्दल कुतूहल वाटायला लागलं, आणि मिळेल ते वाचत गेले.

तर ही बाई शाळामास्तरीण होती. १९५५ ते १९७३, सलग अठरा वर्षं न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत चित्रकला शिकवत होती. १९७३ साली तिने नोकरी सोडली. जन्म १९३०चा. म्हणजे वय किती झालं ते तुम्हीच मोजा.

शिक्षिका कशी झाली तेही ऐकण्यासारखं आहे. तिला चित्रकार व्हायचं होतं, म्हणून सिटी कॉलेजात गेली. तिथे कळलं की कलेचा सरळ अभ्यासक्रम ज्या विभागात आहे तो फक्त मुलग्यांसाठी. मुलींना प्रवेश शिक्षणशास्त्र विभागात. मग तोडगा निघाला, 'कला-शिक्षण' हा विषय घे. म्हणजे शिक्षकी पेशा तिने निवडला नाही, दार तेवढंच उघडं होतं म्हणून ती त्यातून आत गेली. (आमच्या पिढीतल्या किती जणी अशाच आत आल्या, सांगायला नको. बीए झालं, बीएड कर, मुलीच्या जातीला शाळाच बरी, सुट्ट्या मिळतात!) काळी मुलगी, हार्लेमची. लग्न विसाव्या वर्षी, दोन मुली एकाच साली झालेल्या, १९५२च्या जानेवारीत एक आणि डिसेंबरात दुसरी. पहिलं लग्न मोडलं. मुली सांभाळून १९५५ला पदवी घेतली, १९५९ला एमए केलं.

आता भाचीशी माझं पहिलं भांडण. ती म्हणते, "मावशी, शाळेने माझी सतरा वर्षं खाल्ली." मला हे पटत नाही. तिचा त्रास मला ठाऊक आहे. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली. नंतर निवडणुकीची कामं, पंधरा ऑगस्टचं फलकलेखन, पाहुण्यांसाठी रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा. 'चित्रकलेच्या बाई आहेत की!' परीक्षा जवळ आली की गणिताचे सर चित्रकलेचे तास मागून नेतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मात्र सगळी मुलं ए ग्रेडने पास व्हायला हवीत, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. हे सगळं खरं. पण 'खाल्ली' नाही.

रिंगगोल्डबाईंचंच बघा. नोकरीच्या त्या अठरा वर्षांत त्यांनी काय केलं? १९६३ ते ६७ या काळात 'अमेरिकन पीपल' नावाची वीस चित्रांची मालिका रंगवली. गोऱ्या-काळ्यांमधलं ते धुमसणारं अमेरिकेतलं दशक, आणि ही दिवसा वर्गावर जाणारी बाई ते सगळं बिनधास्त रंगवते आहे. १९६७च्या उन्हाळ्यात एका कलादालनाच्या मालकाने सुट्टीत बंद असलेली आपली जागा तिला कामासाठी वापरू दिली. तिथे मोठी चित्रं झाली. त्यातलं 'डाय' हे चित्र बारा फूट लांब आहे. रस्त्यावर गोरे-काळे एकमेकांवर तुटून पडलेत, रक्त उडतंय, आणि मध्ये एक गोरा मुलगा आणि एक काळी मुलगी एकमेकांना घट्ट धरून बसलीत. पिकासोचं 'गेर्निका' तेव्हा न्यूयॉर्कच्याच संग्रहालयात होतं. ते तिने पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं होतं. हे चित्र बघितल्यावर ते कळतंच. त्याच वर्षी तिचं पहिलं एकटीचं प्रदर्शन झालं. पगार शाळेचा, सुट्टी शाळेची, आणि चित्र तिचं. विकलं जाईल की नाही याची काळजी न करता असलं चित्र काढता येतं, कारण महिन्याच्या शेवटी घरभाडं कुठून येणार ते माहीत असतं.

आणि पैशांचं सोडा. वर्गात जे मिळतं ते? बाई विद्यार्थ्यांना मुखवट्यांबद्दल शिकवत होत्या. विद्यार्थ्यांनाच नवल वाटलं, की ह्या एवढं सांगतात, मग ह्यांच्या स्वतःच्या कामात मुखवटे कसे नाहीत? हे ऐकून त्या मुखवटे करायला लागल्या. कापड, मणी, राफियाचे धागे असं काय काय घेऊन. पुढे कापडी माणसं आली, मग ती घेऊन केलेला खेळ आला. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून सगळीकडे उत्सव चालू होते, तेव्हा काळ्या माणसाच्या मरणाचा आणि पुन्हा उठण्याचा खेळ घेऊन त्या कॉलेजा-कॉलेजांतून फिरल्या. मूळ कुठे आहे? वर्गातल्या एका बोलण्यात. ज्यांनी शिकवलंय त्यांना हे नवीन नाही. पोरं असं काही बोलून जातात की मास्तर घरी जाऊन रात्रभर जागा.

मला त्यांचं सगळ्यात आवडलेलं काम मात्र तुरुंगातलं. न्यूयॉर्कला रायकर्स बेटावर बायकांचा तुरुंग होता. १९७१ साली अनुदान मिळालं, त्यातून बाईंनी तिथल्यासाठी चित्र करायचं ठरवलं. मोठा कलाकार काय करील? आपल्या मनातलं रंगवून टांगून येईल. ह्या आधी तिथल्या बायकांना विचारायला गेल्या, तुम्हाला काय बघायला आवडेल? एकीने सांगितलं, इथून बाहेर जाणारा लांब रस्ता. मग बाईंनी तसा रस्ता न काढता बस चालवणारी बाई काढली, पोलीस बाई काढली, डॉक्टर, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली, अगदी राष्ट्राध्यक्षसुद्धा बाईच! न्यूयॉर्कमध्ये तेव्हा बायका बस चालवत नव्हत्या. बाहेर जायचा रस्ता म्हणजे हा, असं त्यांचं म्हणणं असावं. आधी विचारायचं, ऐकायचं, आणि मग उत्तर आपण जरा पुढे नेऊन द्यायचं. ही शिक्षकाचीच रीत नाही तर काय? (पुढे तो तुरुंग पुरुषांचा झाला तेव्हा त्या चित्रावर पांढरा रंग फासला होता! ते वाचलं, दुरुस्त झालं, आणि आता ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे.)

तेव्हा शाळेने वर्षं खाल्ली असं म्हणू नकोस बाई. जायचं तर जा, पण शाळेला शिव्या देत जाऊ नकोस.

आता घरच्यांशी भांडण. तुमचं पहिलं म्हणणं, पेन्शन जाईल. अहो, कुठली पेन्शन? १ नोव्हेंबर २००५ नंतर जे नोकरीला लागले त्यांना आमच्यासारखी जुनी पेन्शन नाहीच. त्यासाठीच तर मार्च २०२३ मध्ये एवढा मोठा संप झाला, ही स्वतः त्यात घोषणा देत होती. नंतर सरकारने वेगवेगळे पर्याय आणले हे मला माहीत आहे, पण 'मावशीसारखी घरबसल्या पेन्शन' हे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे ते तिच्या बाबतीत कधीच नव्हतं. जाईल तो दरमहाचा पगार, आणि तो मात्र खरोखरच जाईल. त्याबद्दल बोलू या.

दुसरं म्हणणं, 'धड एक काहीच नाही.' रिंगगोल्डबाईंनीही धड एकच गोष्ट केली असती तर बहुधा त्या तेलरंगांशीच अडून बसल्या असत्या. मोठ्या चौकटीतली ती जड चित्रं हलवायला माणसं लागतात, गाडी लागते, दालनवाल्याची मर्जी लागते. १९७२ साली त्या ॲमस्टरडॅमला गेल्या. तिथल्या राइक्स संग्रहालयात त्यांनी तिबेटी थांका पाहिले. कापडाची किनार लावलेली, गुंडाळून ठेवता येणारी चित्रं. परत आल्यावर तसंच सुरू केलं. कॅनव्हासला कापडाची किनार, चौकट नाही. गुंडाळायचं, ट्रंकेत घालायचं, पाठवून द्यायचं. त्यांना त्या 'टांका' म्हणत. आपल्या शिवणातल्या टाक्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही, पण मराठी मास्तरणीला मजा वाटल्याशिवाय कशी राहील?

मला वाटतं, 'स्वतंत्र' ह्या शब्दाचा तिथे एकदम साधा अर्थ लागतो. आपलं काम आपल्याला एकटीने उचलून नेता येणं. चित्र, कापड, मुखवटा, खेळ, गोष्ट, असं सगळं त्या करत गेल्या, कारण एक दार बंद झालं की काम दुसऱ्या दाराने न्यायचं होतं. १९८०च्या सुमारास त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. प्रकाशक मिळेना. मग त्यांनी गोधडीवरच लिहायला सुरुवात केली! १९८३ सालची पहिली गोष्टीची गोधडी अशी आली. भिंतीवर टांगली की येणारा-जाणारा वाचणारच, प्रकाशक हवाय कशाला? (आत्मचरित्र शेवटी १९९५ला छापलं गेलं.) आपल्या भाचीच्या बाहुल्या एका पत्र्याच्या पेटीत मावतात, एसटीत घालून नेता येतात. ह्यात मला तरी विस्कळीतपणा दिसत नाही.

पण ह्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, ती मी सांगते. ती किनार शिवली कोणी? बाईंच्या आईने. विली पोझी त्यांचं नाव, हार्लेममध्ये कपडे शिवायच्या, नवनव्या कपड्यांचे नमुने स्वतः तयार करायच्या. लेकीला लहानपणी दमा होता, शाळेत जाता येत नसे, तेव्हा हिनेच हातात रंग आणि कापडाचे तुकडे दिले होते. १९८० साली मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली, हार्लेममधल्या माणसांचे तीस चेहरे असलेली. पुढच्याच वर्षी आई गेली. त्या घरात गोधड्यांची परंपरा जुनी. खापरपणजी गुलाम होती, मालकाच्या घरासाठी गोधड्या शिवायची. आणि घरात पगार होता. दुसरा नवरा जनरल मोटर्समध्ये कामाला होता, आणि १९७३ साली दोघी मुली एकवीस वर्षांच्या झालेल्या होत्या. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुलं. तेही एके काळी शाळेत आणि बेळगावच्या कॉलेजात शिकवत होते. लेखन, नट, संगीत, सिनेमा, पेटी, एकपात्री, धड एक काहीच नाही! पण सुनीताबाईंनी घर आणि व्यवहार किती सांभाळला, हे 'आहे मनोहर तरी' वाचलेल्यांना सांगायला नको.

म्हणून 'ती खाणार काय' हा प्रश्न तिला एकटीला विचारू नका. कोण काय उचलणार, हा प्रश्न आपण आपल्याला विचारायला हवा. जावईबापूंचा पगार आहे, बेताचा आहे, पण आहे. मुलगा दहावीत आहे. तेव्हा माझं मत असं की तिने ह्या जूनला सोडू नये. मुलाची बारावी होईपर्यंत दोन वर्षं थांबावं, आणि ती दोन वर्षं नुसती कुढत घालवू नयेत. सुट्ट्यांत काम वाढवावं. बाईंनी नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या मागे दहा वर्षांचं काम होतं. चित्रमालिका, प्रदर्शनं, तुरुंगातलं चित्र. दरीत उडी मारल्यासारखं काही नव्हतं. भाचीकडे आज बाहुल्यांचे दोन खेळ आणि वीसेक चित्रं आहेत. चांगली आहेत, पण थोडी आहेत. माझ्या घराची पुढची खोली रिकामी आहे, ती तिने आजपासून वापरावी. शिवणयंत्रही आहे. सासूबाईंचा गोधडीचा हात किती सुरेख आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या बोलत नाहीत तर नाही, पण टाके घालायला त्यांना कुणी विचारलंय का?

नाव होईल का, असं बहिणीने विचारलं. हे मात्र खरं तेच सांगते. 'डाय' १९६७चं. ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतलं २०१६ला! एकोणपन्नास वर्षं!! १९६८ ते ७० ह्या काळात बाई अशाच मोठ्या संग्रहालयांच्या दाराशी निदर्शनं करत होत्या, काळ्यांची आणि बायकांची चित्रं आत घ्या म्हणून. १९७०ला एका प्रदर्शनात राष्ट्रध्वजाचा अवमान केला म्हणून त्यांना अटकही झाली. २०१९ला ते 'डाय' पिकासोच्या प्रसिद्ध चित्राच्या खोलीत लावलं, आणि २०२२ला न्यू म्युझियममध्ये त्यांचं जन्मभराचं काम मोठ्या प्रदर्शनात मांडलं गेलं, तेव्हा त्या एक्याण्णव वर्षांच्या होत्या. २०२४च्या एप्रिलमध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, गेल्या. तेवढं आयुष्य लाभलं म्हणून बघायला मिळालं. भाचीने तीन वर्षांत नाव करून दाखवीन असं कुणाला वचन देऊ नये, आणि कुणी मागूही नये.

आणि शेवटचं, 'शिक्षकी सोडली' हे मुळात खोटंच आहे. शाळा सोडलेल्या रिंगगोल्डबाई पुढे कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात कलेच्या प्राध्यापिका झाल्या आणि २००२ला तिथून निवृत्त झाल्या. शाळेतून बाहेर पडल्या त्या मोठ्या वर्गात गेल्या. मधल्या वर्षांत कॉलेजांतून व्याख्यानं आणि खेळ चालूच होते. शिवाय मुलांची डझनावर पुस्तकं. मला विचाराल तर आपली भाचीही पाचसात वर्षांत कुठे ना कुठे मुलं गोळा करून बसलेली असेल. तिचं बोलणं ऐका जरा, दर तिसरं वाक्य 'आमच्या सातवी ब मधला तो एक आहे ना...' असं सुरू होतं.

असो. पुष्कळ लिहिलं. ज्यांना फोन करायचा आहे त्यांनी दुपारी चारनंतर करावा.

आणि न्यूयॉर्कच्या आमच्या पुतण्याला एक काम. हार्लेममध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर १२५व्या रस्त्याचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे, दोन आणि तीन नंबरच्या गाडीचं. तिथे भिंतीवर रिंगगोल्डबाईंनी १९९६ साली केलेलं मोझेक आहे, हार्लेमची नामवंत माणसं आकाशातून उडत चाललीत असं. दोन्ही फलाटांवर आहे, वर जाणाऱ्या गाडीकडे एक आणि खाली येणाऱ्या गाडीकडे एक. दोन्हींचे फोटो काढून पाठव रे. मोठे पाठव, म्हणजे भाचीला ते तुकडे कसे बसवलेत ते नीट बघता येईल.